जकातदाराचा तराजू

रासायनिक क्रियेत वस्तुमान नाहीसे होत नाही आणि नव्याने निर्माणही होत नाही, हा नियम आपली मुले शाळेत पाठ करतात. तो ज्यांच्या नावाशी जोडला गेला ते आंत्वान लाव्हाझिए जकातदार होते, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. मत्तय आणि जक्कय यांची ओळख असलेल्या आपल्या धर्मग्रामाला या जकातदाराची गोष्ट सांगावी, असे आम्हाला वाटले.

त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये एका कॅथोलिक वकिलाच्या घरी झाला. पाच वर्षांचे असताना आई वारली. मावशीने सांभाळ केला. कार्डिनल माझारिन यांच्या मृत्युपत्रातून उभ्या राहिलेल्या महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. कायद्याची पदवी घेतली, पण मन विज्ञानात होते. १७६८ साली विज्ञान अकादमीने त्यांना सभासद करून घेतले आणि त्याच वर्षी त्यांनी कर वसूल करणाऱ्या कंपनीत भागीदारी घेतली.

ही कंपनी म्हणजे राजाची मक्तेदार. मीठ, तंबाखू आणि शहरात येणारा माल यांवरचा कर ती गोळा करी, ठरलेली रक्कम राजाला देई आणि वरचे स्वतःकडे ठेवी. काही प्रांतांत तर मीठ हवे असो वा नसो, ठरावीक प्रमाणात विकत घ्यावेच लागे. या पैशातून लाव्हाझिए यांनी आपली प्रयोगशाळा उभारली. तिथले तराजू युरोपातल्या सर्वांत अचूक तराजूंपैकी होते.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटलची पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार तत्त्वे शिकलो. पाणी उकळत राहिले की त्याची माती होते, असे त्या काळी अनेक विद्वान मानत, कारण भांड्यात गाळ उरत असे. लाव्हाझिए यांनी काचेच्या बंद भांड्यात १०१ दिवस पाणी तापवले. आधी आणि नंतर सर्व काही तोलले. पाण्याचे वजन तेवढेच राहिले, भांड्याचे मात्र कमी झाले. गाळ काचेचा होता! वाद घालण्यापेक्षा तोलणे बरे, ही त्यांची रीत.

जळणाऱ्या वस्तूतून काहीतरी निघून जाते, असाही समज होता. त्यांनी दाखवले की गंधक आणि फॉस्फरस जळल्यावर जड होतात, म्हणजे हवेतले काहीतरी त्यांना येऊन मिळते. १७७४ साली इंग्लंडचे धर्मोपदेशक जोसेफ प्रिस्टली पॅरिसला आले. त्यांनी पाऱ्याच्या तांबड्या भुकटीतून एक नवी हवा मिळवली होती. ती हकिगत त्यांनी जेवणाच्या वेळी सांगितली. तिचा खरा अर्थ लाव्हाझिए यांनी लावला, ऑक्सिजन हे नावही त्यांनीच दिले. पण प्रिस्टलींचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मानले नाही. इथे त्यांचा तराजू थोडा झुकला, असे आमचे मत आहे.

पत्नी मारी-आन ही कंपनीतल्याच एका भागीदाराची मुलगी. १७७१ साली लग्न झाले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. ती इंग्रजी शिकली, पतीसाठी ग्रंथ भाषांतरित केले आणि त्याच्या १७८९ च्या पुस्तकातील उपकरणांची चित्रेही तिनेच काढली.

चोरटा माल अडवण्यासाठी पॅरिसभोवती भिंत बांधण्याची सूचना लाव्हाझिए यांचीच. भिंत उभी राहिली आणि लोक संतापले. दुसरीकडे, १७८८ च्या टंचाईत धान्य घेण्यासाठी ब्लवा शहराला त्यांनीच बिनव्याजी पैसे दिले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. अग्नीवरचा आपला निबंध अकादमीत कमी लेखला गेल्याचा राग मारा या क्रांतिकारकाच्या मनात होता. त्याने आपल्या वृत्तपत्रातून लाव्हाझिए यांच्यावर आग पाखडली.

नोव्हेंबर १७९३ मध्ये भागीदारांना पकडण्याचा हुकूम निघाला, तेव्हा ते स्वतःहून हजर झाले. धर्मभगिनींच्या जुन्या मठाचा तुरुंग केला होता, तिथे त्यांना ठेवले. तंबाखूत पाणी मिसळून वजन वाढवल्याचाही आरोप होता. तराजूच्या माणसावर तो आरोप! ८ मे १७९४ रोजी एकाच दिवसात खटला उरकला. कोणाचा दोष किती, हे न तोलता २८ भागीदारांना त्याच दिवशी गिलोटिनखाली दिले. सासरे तिसरे गेले, जावई चौथा. सर्वांना एकाच खड्ड्यात पुरले.

मारी-आनने एका दिवसात वडील आणि पती गमावले. घर आणि उपकरणे जप्त झाली होती. ती तिला पुढे परत मिळाली. पतीचे राहिलेले लेखन तिने छापून घेतले आणि विद्वानांना मोफत वाटले.