आरोपीच्या बाजूचा माणूस : क्लेरेन्स डॅरो

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे जुनी माणसे सांगत. पण जमाव दारावर चालून आला आणि उलट आपल्यावरच खटला भरला गेला, तर ती पायरी चढावीच लागते. अशा वेळी शेजारी कोण उभा राहतो, यावर सारे अवलंबून असते. अमेरिकेतील फौजदारी वकील क्लेरेन्स डॅरो जन्मभर आरोपीच्या शेजारी उभे राहिले.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५७ रोजी ओहायो राज्यात किन्समन गावाजवळ झाला. वडील लाकडी सामान बनवीत आणि गुलामगिरीचे कडवे विरोधक होते. १८७८ साली डॅरोंना वकिलीची सनद मिळाली. १८८७ साली ते शिकागोला आले आणि पुढे एका रेल्वे कंपनीचे वकील झाले. पगार चांगला होता. पण १८९४ च्या पुलमन संपात कामगार पुढारी युजीन डेब्स यांच्यावर खटला झाला, तेव्हा कंपनीची नोकरी सोडून ते डेब्स यांच्या बचावाला उभे राहिले.

त्याच वर्षी त्यांच्या एका अशिलाला फाशी झाली. डॅरो फाशीच्या शिक्षेचे कट्टर विरोधक होते. १९२४ साली शिकागोत दोन श्रीमंत तरुणांनी एका मुलाचा निर्घृण खून केला. सारे शहर त्यांच्या फाशीची मागणी करीत होते. डॅरोंनी त्यांचा गुन्हा कबूल करविला आणि जीव तेवढा वाचविला. त्यांना जन्मठेप झाली.

परंतु आपण विशेष ध्यानात ठेवावा तो डेट्रॉईटचा खटला. डॉ. ऑसियन स्वीट हे कृष्णवर्णीय डॉक्टर होते. १९२५ साली त्यांनी गोऱ्यांच्या वस्तीत स्वतःच्या पैशाने घर घेतले. सप्टेंबरमध्ये ते पत्नीसह राहावयास आले. बाहेर जमाव जमला, घरावर दगड पडू लागले, पोलीस नुसते उभे राहिले. आतून गोळ्या सुटल्या, बाहेरचा एक गोरा इसम ठार झाला. घरातील अकराही जणांवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला.

पंच सारे गोरे होते. जमाव नव्हताच, असे सरकारपक्षाचे साक्षीदार सांगत. एका तरुण साक्षीदाराच्या तोंडून आधी मोठी गर्दी असे निघून गेले, मग सावरून त्याने ती थोडक्या लोकांवर आणली. थोडेच लोक म्हणायचे हे आपण विसरलो, अशी कबुली डॅरोंनी उलटतपासणीत त्याच्याकडून काढून घेतली. स्वतःच्या घराचे व जिवाचे रक्षण करण्याचा जो हक्क गोऱ्याला आहे तोच काळ्याला आहे, एवढाच त्यांचा मुद्दा होता. पहिल्या खटल्यात पंचांचे एकमत झाले नाही. मग डॉक्टरांचा धाकटा भाऊ हेन्री याच्यावर स्वतंत्र खटला चालला आणि मे १९२६ मध्ये तो निर्दोष सुटला. पुढे इतरांवरील आरोपही काढून घेण्यात आले.

डॅरो निष्कलंक होते असे नाही. पंचांना लाच देण्याचा प्रयत्न केल्याच्या आरोपावरून त्यांच्यावरच दोन खटले झाले. १९१२ साली ते सुटले, १९१३ साली पंचांचे एकमत झाले नाही. १९३२ साली तर हवाई बेटांत एका स्थानिक तरुणाला मारणाऱ्या गोऱ्यांचा बचाव त्यांनी केला. ज्याने डेट्रॉईटमध्ये जमावापुढे माघार घेतली नाही, त्याने तिकडे वर्णद्वेषाच्या बळीकडे पाठ फिरविली. म्हणून माणसाची पूजा करू नये. त्याचे चांगले काम तपासून घ्यावे.

१३ मार्च १९३८ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले.

ज्यांना गावकुसाबाहेर राहावे लागले, त्यांना स्वतःच्या घराचे मोल निराळे सांगावयास नको. मुलामुलींना ही हकीकत अवश्य सांगावी. त्यांच्यापैकी कोणी वकील झाला, तर कोणाच्या शेजारी उभे राहायचे हे त्याला आधीच ठाऊक असावे.