फ्रँक गिलब्रेथ

फ्रँक बंकर गिलब्रेथ (जन्म : ७ जुलै १८६८, फेअरफील्ड, मेन; मृत्यू : १४ जून १९२४, माँटक्लेअर, न्यू जर्सी) हे अमेरिकन बांधकाम कंत्राटदार, अभियंते आणि कार्य-अभ्यासाच्या प्रवर्तकांपैकी एक होते. कामाचा संपूर्ण क्रम खुणांच्या साहाय्याने कागदावर मांडणाऱ्या प्रक्रिया-आलेखाचे श्रेय त्यांना व त्यांच्या पत्नी लिलियन यांना दिले जाते.

पूर्वायुष्य

गिलब्रेथ लहान असतानाच त्यांच्या वडिलांचे निधन झाले. महाविद्यालयीन शिक्षण न घेता १८८५ साली ते गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. एकच गवंडी शिकवताना एका रीतीने, स्वतः काम करताना दुसऱ्या रीतीने आणि घाईत असताना तिसऱ्याच रीतीने विटा रचतो, हे त्यांच्या लक्षात आले. विटा कमरेच्या उंचीवर मिळतील अशी परांची त्यांनी तयार केली आणि एक वीट रचण्यासाठी लागणाऱ्या १८ हालचाली ५ वर आणल्या. १८९५ मध्ये त्यांनी बॉस्टन येथे स्वतःचा बांधकाम व्यवसाय सुरू केला. १९०४ मध्ये त्यांचा लिलियन मोलर यांच्याशी विवाह झाला. पुढे मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या लिलियन या त्यांच्या संशोधनातील बरोबरीच्या सहकारी होत्या.

हालचालींचे दृश्य रूप

फ्रेडरिक टेलर यांचा भर घड्याळाने वेळ मोजण्यावर होता, तर गिलब्रेथ यांचा भर हालचाल डोळ्यांना दाखवण्यावर होता. कामगाराच्या हाताला छोटे दिवे बांधून ते प्रकाशरेषेचे छायाचित्र घेत. त्या रेषेवरून तारेच्या प्रतिकृतीही बनवल्या जात. त्यामुळे स्वतःचा हात कोठे विनाकारण फिरतो, हे कामगाराला पाहता येई.

प्रक्रिया-आलेख

डिसेंबर १९२१ मध्ये या दांपत्याने अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रक्रिया-आलेखांवरील निबंध सादर केला. त्याच संस्थेने १९४७ मध्ये या आलेखासाठी पाच खुणा प्रमाण ठरवल्या : वर्तुळ म्हणजे क्रिया, बाण म्हणजे वाहतूक, चौकोन म्हणजे तपासणी, इंग्रजी डी अक्षराचा आकार म्हणजे खोळंबा आणि उलटा त्रिकोण म्हणजे साठवण.

आलेखाचे वाचन

हा आलेख वरून खाली वाचला जातो. अंबरनाथला पूर्वी होता तशा काडेपेटीच्या कारखान्याचे उदाहरण घेता येईल. लाकडाचे पातळ पापुद्रे काढणे, काड्या कापणे व त्यांना गूल लावणे ही वर्तुळे होत. एका यंत्राकडून दुसऱ्याकडे माल नेणे हा बाण, यंत्र मोकळे होईपर्यंत थांबणे हा खोळंबा, पेट्या तपासणे हा चौकोन आणि गोदामात ठेवणे हा त्रिकोण. मालाचे रूप केवळ वर्तुळापाशी बदलते. म्हणून शेजारचा मजकूर न वाचताही बाण व खोळंब्याच्या खुणांची दाटी पाहून वेळ कोठे वाया जातो, हे वाचकाला कळते. मात्र कामाचा थकवा या खुणांत दिसत नाही. त्यासाठी गिलब्रेथ दांपत्याने १९१६ मध्ये थकव्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

मृत्यू व वारसा

युरोपातील परिषदांना निघण्याच्या तीन दिवस आधी, रेल्वे स्थानकावरून पत्नीशी दूरध्वनीवर बोलत असताना गिलब्रेथ यांचे हृदयविकाराने निधन झाले. लिलियन त्यांच्या जागी त्या परिषदांना गेल्या आणि पुढे जवळजवळ अर्धशतक त्यांनी हे कार्य चालवले.

कामगार संघटनांचा कार्य-अभ्यासाला विरोध होता. आलेख व्यवस्थापनाच्याच हाती राहिला तर तो कामाचा बोजा वाढवण्याचे साधन ठरेल, ही भीती निराधार नव्हती. ॲलन मोगेन्सन यांनी १९३७ पासून लेक प्लॅसिड येथील वर्गांत आलेख काढण्याची विद्या कारखान्यांतील माणसांपर्यंत नेण्याचा प्रयत्न केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या कार्य-अभ्यासावरील पुस्तकातून या खुणा जगभर पोहोचल्या. या संघटनेच्या साहाय्याने १९६३ मध्ये मुंबईत राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था (निटी) स्थापन झाली.