हेन्री गँट: कामाचा आलेख काढणारा शिक्षक

काम किती झाले, हा प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे खरे उत्तर मिळणे कठीण. ते उत्तर कागदावर एका दृष्टिक्षेपात दिसावे अशी सोय करणारे हेन्री लॉरेन्स गँट २० मे १८६१ रोजी अमेरिकेतील मेरिलंड प्रांतात जन्मले. घरची शेती गुलामांच्या श्रमांवर चाले. यादवी युद्धानंतर ते वैभव लयास गेले, आणि हेन्रीस गरीब मुलांसाठी काढलेल्या मॅकडोनो शाळेत शिकावे लागले. १८८० साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची पदवी घेऊन ते त्याच शाळेत शिक्षक झाले. पुढे यंत्रविद्येचे शिक्षण घेऊन १८८७ मध्ये ते मिडव्हेल नावाच्या पोलादाच्या कारखान्यात शिरले.

कारखान्यातही त्यांच्यातील शिक्षक जागाच राहिला. १९०१ साली त्यांनी असा नियम बसविला की, नेमलेले काम पुरे करणाऱ्या कामगारास बक्षीस मिळावे. न करणाऱ्याची रोजची मजुरी मात्र बुडू नये. हाताखालची सर्व माणसे यशस्वी झाली, तर मुकादमासही अधिक बक्षीस मिळे. त्यामुळे दरडावण्यापेक्षा शिकविणे मुकादमाच्या हिताचे झाले.

त्यांच्या तक्त्यात आडव्या दिशेने दिवस व आठवडे मांडलेले असत. ठरलेल्या कामापैकी जितके झाले, तितकी रेघ पुढे जाई. रेघ आजच्या तारखेच्या मागे राहिली, की काम रेंगाळल्याचे तत्काळ कळे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील शस्त्रागारे व जहाजबांधणी ह्यांच्या कामी हे तक्ते फार उपयोगी पडले.

यंत्रे रिकामी का राहिली, ह्याचाही तक्ता ते मांडीत. माल आला नव्हता, मागणी नव्हती, की दुरुस्ती खोळंबली होती, हे त्यात दिसे. आणि पुष्कळदा दोष मजुराकडून व्यवस्थापकाकडे सरके. आलेखापुढे धनी व चाकर सारखेच, हे गँट ह्यांचे खरे कार्य होय. २३ नोव्हेंबर १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

आज आपल्या अंधेरीच्या कचेऱ्यांतून संगणकाच्या आज्ञावली रचणारी पथके फळ्यावर करावयाचे, चाललेले व झालेले असे रकाने आखून चिठ्ठ्या पुढे सरकवितात. ती रीत जपानच्या टोयोटा कारखान्यातील चिठ्ठ्यांवरून आली. परंतु हेतू तोच. विद्यार्थिमित्रहो, अभ्यासाचा तक्ता आपणही आखतो. त्यात न झालेल्या कामाची रेघ पुढे ओढली, तर फसगत आपलीच होते. मागे राहिलेली खरी रेघ मात्र अडचण कोठे आहे ते सांगते, आणि मग वाट काढता येते.