पंडिता रमाबाईंचा संसार

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी वर्धापनदिनानिमित्त पंडिता रमाबाईंविषयी चार शब्द लिहिते. त्यांचेच नाव का घेतले, ते शेवटी सांगते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माउलीने लेकीला. पुढे दुष्काळात आईवडील गेले. बहीणभाऊ पुराण सांगत गावोगाव पायी हिंडले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरविले. १८८० मध्ये भाऊही वारला.

त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. त्या ब्राह्मणकन्या आणि ते तेव्हा शूद्र मानलेल्या जातीतले. मुलखाने वेगळे, मायबोलीनेही वेगळे. लग्न सरकारी नोंदणीने झाले. ब्राह्मणाची मुलगी बाविसाव्या वर्षापर्यंत बिनलग्नाची राहते आणि आपला नवरा आपण पसंत करते, हे त्या काळी केवढे धाडस! आसामात सिलचरला त्यांनी संसार मांडला. १८८१ मध्ये मनोरमा झाली. पण १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबूंना नेले. संसार दोन वर्षांचाही झाला नाही.

दुसरी असती तर खचली असती. रमाबाई तान्ह्या लेकीसह पुण्यास आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे केडगावी शेकडो निराधार बायकामुलींना आसरा दिला. तेथेच १९२२ मध्ये त्या निवर्तल्या.

आता कारण सांगते. मी चौदा वर्षांची असताना थोरल्या ताईला एका मुलाचे पत्र आले होते. मुलगा कष्टाळू, निर्व्यसनी, पण जात वेगळी. ते पत्र मी आईच्या हाती दिले. आईने ते चुलीत घातले आणि दोन महिन्यांत ताईचे लग्न जातीत उरकले. ताईने मला कधी बोल लावला नाही. म्हणूनच ते मनाला अधिक लागते.

आज माझी मुलगी ताईच्या त्या वयाची आहे. उद्या तिला असे पत्र आले, तर मी आधी मुलाचे वागणे विचारीन, जात नव्हे. नागावात हे लिहिताना हात कापतो. पण स्मरणिकेची पहिली प्रत मी ताईला नेऊन देणार आहे.