चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग

चित्रकला ही जन्मजात देणगी असून ती ज्यास लाभली नाहीं त्यानें कुंचला हातीं धरूं नये, असा समज पुष्कळ विद्यार्थ्यांत आढळतो. तो किती फोल आहे हें व्हिन्सेंट व्हॅन गॉग याच्या चरित्रावरून दिसून येतें.

व्हिन्सेंटचा जन्म हॉलंडमधील झुंडर्ट गांवीं ता. ३० मार्च १८५३ रोजीं झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. वयाच्या १६ व्या वर्षीं तो चित्रें विकणाऱ्या एका पेढींत नोकरीस लागला; ती नोकरी १८७६ सालीं सुटली. पुढें बेल्जममधील खाणमजुरांत त्यानें धर्मोपदेशाचें कार्य पत्करिलें, तेंही टिकलें नाहीं. असें चोहोंकडून अपयश आलें असतां १८८० सालीं, वयाच्या २७ व्या वर्षीं, त्यानें चित्रकार होण्याचा निश्चय केला.

त्यानें आरंभ रंगांपासून केला नाहीं. शार्ल बार्ग याचे रेखाटनाचे कित्ते त्यानें पुनःपुन्हां गिरविले. फ्रेंच चित्रकार मिले याच्या ‘पेरणी करणारा’ या चित्राची नक्कल त्यानें अनेकदां केली. दूरच्या वस्तु लहान दिसतात, तें प्रमाण अचूक साधावें म्हणून त्यानें १८८२ सालीं दोरे ताणलेली चौकट करविली व तिच्यांतून पाहून तो देखावे रेखाटूं लागला. शेतकऱ्यांचे कित्येक चेहरे रंगविल्यावरच १८८५ सालीं ‘बटाटे खाणारे’ हें मोठें चित्र त्याच्या हातून उतरलें.

तोंपर्यंत त्याचे रंग काळपट व मातकट होते. १८८६ सालीं तो पॅरिसला आपला धाकटा बंधु थिओ याजकडे गेला. तेथें नव्या चित्रकारांचीं उजळ चित्रें पाहून त्यानें फुलांचीं अनेक चित्रें काढिलीं. निळ्याशेजारीं नारिंगी रंग ठेविला असतां दोन्ही अधिक खुलतात, असे प्रयोग तो करीत राहिला. जपानी ठसेचित्रांच्या नकलाही त्यानें तैलरंगांत केल्या.

१८८९ सालीं मनोविकारामुळें इस्पितळांत असतां तो पुन्हां मिलेकडे वळला. मिलेच्या चित्रांच्या काळ्यापांढऱ्या छापील प्रती समोर ठेवून त्यानें वीसएक चित्रें रंगविलीं. आतां आकृति गुरूच्या होत्या. रंग मात्र सर्वस्वीं त्याचे स्वतःचे होते. ता. २९ जुलै १८९० रोजीं, अवघ्या ३७ व्या वर्षीं, त्याचा अंत झाला. दहा वर्षांत त्यानें रेखाटनें धरून सुमारे दोन हजार कृति निर्मिल्या. हयातींत त्यांपैकीं फारच थोड्या विकल्या गेल्या.

विद्यार्थ्यांनीं यावरून घ्यावयाचा बोध उघड आहे. थोरांचे कित्ते गिरविण्यांत कमीपणा नाहीं. त्यांतूनच स्वतःचें वळण घडतें. पालकांनींही थिओचें स्मरण ठेवावें. विक्रीची आशा नसतांही त्यानें दरमहा पैसे पाठविले, म्हणूनच व्हिन्सेंटच्या हातांतील कुंचला शेवटपर्यंत चालत राहिला.