वासुदेव बळवंतांचं वकीलपत्र घेणारे सार्वजनिक काका स्वतः सूत कातायचे

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात शिरढोण येतं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं हे जन्मगाव. 1879 मध्ये इंग्रज सरकारविरुद्ध बंड केल्याबद्दल पुण्यात त्यांच्यावर खटला चालला. अशा माणसाचं वकीलपत्र घेणं म्हणजे सरकारच्या डोळ्यांवर येणं. तरी ते घेतलं गणेश वासुदेव जोशी यांनी. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणायचे.

काकांचा जन्म 1828 चा, साताऱ्याचा. पुण्यात वकिली करताना 1870 मध्ये सार्वजनिक सभा स्थापन करण्यात ते पुढे होते. तेव्हा आपला कापूस इंग्लंडला जायचा आणि गिरणीचं स्वस्त कापड होऊन परत यायचा. यात इथल्या कोष्टी-साळ्यांचे माग बंद पडत होते.

1872 मध्ये काकांनी खादीच वापरायची शपथ घेतली. ते स्वतः सूत कातायचे. 1877 च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे जरीच्या पोशाखात आले होते, काका मात्र साध्या पांढऱ्या खादीत गेले.

पण एकट्याच्या शपथेनं बाजार बदलत नाही, हे या वकिलाला कळत होतं. लोकांनी देशी वस्तू वापरायची, तर ती आधी कुणीतरी बनवायला हवी आणि जवळच्या दुकानात मिळायला हवी. म्हणून त्यांनी देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढलं. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या बनवणाऱ्यांना उत्तेजन दिलं आणि त्यासाठी पदरचे पैसे घातले. हा माल विकायला पुणे, सातारा, नागपूर, मुंबई अशा शहरांत सहकारी तत्त्वावर दुकानं काढायच्या योजनेमागेही ते होते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी पुण्यातल्या बायकांसाठी स्त्री विचारवती सभा सुरू केली.

फडक्यांना जन्मठेप झाली, त्यांना एडनला पाठवलं. पुढच्याच वर्षी, 25 जुलै 1880 रोजी काका गेले. स्वदेशीची मोठी चळवळ त्यानंतर 25 वर्षांनी, 1905 मध्ये उभी राहिली. गांधीजींचा चरखा तर त्याच्याही नंतरचा.

आज पनवेलसारख्या शहरात घरी शिवणकाम करणाऱ्या किंवा साबण बनवणाऱ्या बाईला विचारा. वस्तू बनवणं जमतं, गिऱ्हाईक मिळवणं अवघड असतं. काकांनी दुकानांचा विचार केला तो यासाठीच.