भाषांचे दार उघडणारे कोमेनियस



शाळेचे वर्ष सुरू झाले की काही आईवडील एकच तक्रार घेऊन आमच्याकडे येतात. मूल घरी कादोडी किंवा वाडवळी बोलते, बाहेर मराठी आणि वर्गात इंग्रजी. गप्पा तिन्ही भाषांत मारते, पण परीक्षेत उत्तर लिहायला बसले की पेन अडते. केळीच्या वाडीत वाढलेल्या मुलाला पानाविषयी काय ठाऊक नसते? तरी विज्ञानाच्या पुस्तकातले पान त्याला परके वाटते. या प्रश्नावर ज्यांनी सारे आयुष्य वेचले, त्या जॉन आमोस कोमेनियस यांची ओळख आज करून घेऊ या.

त्यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोराविया प्रांतात झाला. हा प्रांत आज चेक प्रजासत्ताकात आहे. आईवडील लहानपणीच वारले. नातेवाइकांकडे वाढलेला हा मुलगा लॅटिन शाळेत पोहोचला तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्या काळी युरोपात पुढचे सारे शिक्षण लॅटिनमध्ये होते. लॅटिन आले नाही तर विद्येचे दार बंद. बाकीची मुले सहासात वर्षांची असताना घोकायला लागत. हे मात्र समजत्या वयात बाकावर बसले आणि पोरांना काय गिळायला लावतात ते त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. अर्थ न कळणारे नियम, तेही न कळणाऱ्या भाषेत लिहिलेले! उशिरा शाळेत जाणे हेच त्यांचे खरे शिक्षण झाले, असे आम्हाला वाटते.

ते कॅथलिक नव्हते. चेक बांधव-संघ नावाच्या प्रॉटेस्टंट पंथाचे ते धर्मगुरू आणि पुढे शेवटचे बिशप. तीस वर्षांच्या युद्धात त्यांचे घरदार गेले, १६२२ साली पत्नी आणि दोन मुले साथीच्या रोगाने दगावली. १६२८ साली त्यांना देश कायमचा सोडावा लागला. त्यांना घालवून देणारी सत्ता कॅथलिक सम्राटाची होती. हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो, पण ते लपवून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही.

पोलंडमधील लेश्नो गावी ते शिकवू लागले. तिथे चेक निर्वासित, जर्मन आणि पोलिश लोक एकत्र राहत. घरच्या भाषा तीन आणि अभ्यासाची चौथीच. तिथेच १६३१ साली त्यांचे ‘भाषांचे उघडलेले दार’ हे पाठ्यपुस्तक छापून आले. सुमारे आठ हजार शब्द, हजार वाक्ये, शंभर विषय. अग्नी, पाणी, शरीर, शेती, स्वयंपाक असे विषय. एका बाजूला लॅटिन वाक्य, दुसऱ्या बाजूला मुलाच्या भाषेतले. पुस्तक युरोपभर गेले.

गंमत म्हणजे ही कल्पना आणि पुस्तकाचे नाव त्यांनी एका येशूसंघीयाकडून घेतले! विल्यम बेथ या आयरिश येशूसंघीयाने स्पेनमधील सालामांका येथे १६११ साली असेच पुस्तक काढले होते. कोमेनियस यांनी त्याचे ऋण मान्य केले आणि दोषही दाखवला. त्या पुस्तकात शब्द एकदाच येतो आणि नाहीसा होतो, शिवाय तो कोणत्या वस्तूचा हे मुलाला उमगत नाही. त्यांचे म्हणणे असे, की शब्द आणि वस्तू हातात हात घालून यायला हवेत, आणि पहिली पायरी मातृभाषेची. बाराव्या वर्षापर्यंत सर्व मुलामुलींची शाळा मातृभाषेतच असावी, असा त्यांचा आराखडा होता.

१६४२ साली हॉलंडमध्ये देकार्त यांच्याशी त्यांची चार तास चर्चा झाली. आम्ही सेमिनरीत देकार्त पाठ केले. समोर बसलेल्या या पाहुण्याचे नाव कोणी घेतले नाही!

१६५० साली हंगेरीतील शारोशपाटाक येथे नवी शाळा उभारायला त्यांना बोलावणे आले. ते काम अर्धवटच राहिले. सात वर्ग योजले होते, तीनच उघडले. जुने शिक्षक नाखूश होते. पण मुलांना समजत नाही हे रोज पाहूनच त्यांनी तिथे चित्रांचे पुस्तक रचले. तशी चित्रे कोरणारा कारागीर हंगेरीत मिळेना, म्हणून ते ‘चित्रमय जग’ १६५८ साली जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे लॅटिन आणि जर्मन भाषांत निघाले. आपल्याला जवळचे पान घ्या: पाववाल्याचे. तो पीठ चाळतो, काथवटीत पाणी घालून मळतो, पाव घडवतो, भट्टीतले निखारे ओढून पाव आत सारतो. चित्रातल्या प्रत्येक वस्तूवर आकडा आणि तोच आकडा खाली दोन्ही भाषांतल्या शब्दांपाशी. मुलाने बोट आकड्यावर ठेवायचे, ओळखीची वस्तू पाहायची, आपला शब्द म्हणायचा आणि मग अभ्यासाचा. आणि सुटे शब्द नव्हेत, तर पूर्ण वाक्ये, कारण परीक्षेत मूल अडते ते वाक्याशीच.

मधल्या काळात १६५६ साली लेश्नो जळाले. स्वीडनच्या राजाची बाजू घेऊन कोमेनियस यांनी पोलिश लोकांचा रोष ओढवला होता, हेही खरे. त्या आगीत चाळीसहून अधिक वर्षे खपून केलेला चेक-लॅटिन शब्दकोश राख झाला. लॅटिन पुन्हा कुणीही लिहिले असते; मायबोलीचे गोळा केलेले शब्द गेले ते गेलेच.

उरलेली वर्षे त्यांनी ॲम्स्टरडॅम येथे काढली. १५ नोव्हेंबर १६७० रोजी ते वारले. नार्डेन गावी त्यांची कबर आहे. ‘चित्रमय जग’ १६५९ साली इंग्रजीत गेले, १६६९ साली हंगेरियन भाषेत. ज्या मुलांसाठी ते रचले, त्यांच्या हाती आपल्या भाषेसह पोहोचायला त्याला अकरा वर्षे लागली. चेक भाषा त्या पुस्तकात आली ती १६८५ साली, लेवोचा येथील चार भाषांच्या आवृत्तीत. तोवर कोमेनियस यांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती.